बोरघाट आणि सायकलीचे पायडल

१८३० साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या अमदानीत बोरघाटातून चाकांच्या गाड्यांसाठी रस्ता खुला झाला आणि १८६३ मध्ये आगगाडीही तो घाट चढली. तथापि स्टेशनापासून आडगावापर्यंतचे अंतर मावळच्या माणसाला पायीच तुडवावे लागे, ते पुढे सायकलीने हलके केले. कामशेत-मळवलीकडे दुधाच्या किटल्या लटकावून निघालेल्या गवळ्याच्या सायकलीचे पायडल रबरी ठोकळ्यांचे, दोन्ही अंगांनी सारखे आणि सर्वस्वी मोकळे असे. कारण डावे पाऊल पायडलावर ठेवावे, उजव्याने जमिनीला दोन-तीन रेटे द्यावेत आणि सायकल धावू लागताच टांग मारावी, ही जी आपली बसण्याची रीत, तिला जखडलेले पाऊल मुळीच चालत नाही. वहाण असो वा अनवाणी पाय, त्या ठोकळ्याने कुणाला मज्जाव केला नाही.

पाय बांधण्याची निकड उत्पन्न केली ती शर्यतीने. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाटाचा चढ सर्वांआधी सर करणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळे, आणि तिथे उभ्याने पायडल मारताना पाऊल निसटू नये म्हणून शर्यतपटू पोलादी पकड व चामडी पट्टा वापरीत. मात्र थांबण्यापूर्वी वाकून तो पट्टा हाताने सैल करावा लागे, आणि विसर पडला तर सायकलीसकट आडवे होणे ठरलेले. १९८४ मध्ये लूक या फ्रेंच कंपनीने बर्फावरच्या स्कीची पकड पायडलात आणली: बुटाच्या तळव्याची क्लीट स्प्रिंगच्या जबड्यात अडकते आणि टाच बाहेर वळवताच सुटते. पुढच्याच वर्षी बर्नार्ड इनो याने त्या पायडलांवर ‘तूर द फ्रान्स’ जिंकली, तेव्हा पट्ट्याचा अंमल संपल्यातच जमा झाला.

बांधलेला पाय पायडल वर ओढतो व त्याने मोठे बळ मिळते, ही समजूत मला अतिशयोक्त वाटते; बहुतेक बळ खाली दाबण्यातूनच येते, आणि क्लीटचा खरा गुण पाऊल जागच्या जागी राखण्यात आहे. आषाढात भातखाचरांच्या कडेने जाताना, पाऊल पदोपदी चिखलात टेकवावे लागत असताना, तोच गुण अडचण होतो, कारण क्लीटमध्ये चिखल भरला की ती धड अडकत नाही. द्रुतगती मार्गावर सायकलीस मनाई असल्याने जुन्या रस्त्याने खोपोलीहून हौसेने चढणाऱ्याने क्लीट अवश्य लावावी. लोणावळ्याच्या बाजारातून वळवणला परतणाऱ्याने मात्र रुंद, खरबरीत, साधेच पायडल बसवून घ्यावे.