रविवारी काय केलंस?

माझा रविवार मावळायला लागतो तेव्हा तिचा नुकता सुरू झालेला असतो. उन्हाळ्यात आमच्या घड्याळांत साडेनऊ तासांचं अंतर असतं, हिवाळ्यात साडेदहा. मी आर्णीला राहतो. यवतमाळ जिल्ह्यातलं, अरुणावती नदीकाठचं तालुक्याचं गाव. ती न्यू जर्सीत. आईवडील मराठी, पण ती वाढली तिकडेच. मराठी छान बोलते, वाचताना मात्र अडखळते. २०१६ साली जुन्या मराठी पुस्तकांवर गप्पा मारणाऱ्या एका ग्रुपवर आमची ओळख झाली. अजून एकदाही प्रत्यक्ष भेटलेलो नाही. पण दर रविवारी संध्याकाळी तिचा मेसेज येतो : ‘आज काय केलंस?’

सुरुवातीला मला या प्रश्नाचं हसू यायचं. आर्णीत रविवारी काय करणार? सकाळी चहा-आलूबोंडा, दुपारी वावरात चक्कर, संध्याकाळी मित्रांबरोबर महामार्गावरची टपरी. नागपूर-तुळजापूर रस्त्यावरचे ट्रक बघत बसणं हाही आमच्याकडे एक कार्यक्रमच. मी लिहायचो, ‘काही विशेष नाही.’ ती लिहायची, ‘विशेष नकोच. जे केलं ते सांग.’

एकदा मी लिहिलं, ‘आज वावरात रोडगे केले.’ तिकडून लगेच प्रश्न : ‘रोडगे म्हणजे?’ आणि मी अडलो. लहानपणापासून खाल्लेली गोष्ट, पण ती शब्दांत कधी सांगितलीच नव्हती. कणकेचे थर एकात एक घालून गोळा करायचा, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचा, राख फडक्यानं पुसायची, फोडून वर तूप ओतायचं आणि वांग्याच्या भाजीबरोबर खायचं, एवढं मी लिहिलं. तिचे प्रश्न संपेनात. थर कशाला? गोवऱ्या कोण थापतं? पुरुष करतात की बायका? मी आईला विचारायला गेलो. आई म्हणाली, ‘कायले इचारतं रे हे सारं? खाय ना मुकाट्यानं.’

आईचं बरोबर होतं. आर्णीत रोडगे काय असतात हे कुणालाच सांगावं लागत नाही. म्हणून कुणी लिहूनही ठेवत नाही. रोजचं जगणं कागदावर यायचं असेल तर ज्याला ते ठाऊक नाही असा कुणीतरी लांबचा माणूस लागतो, आणि त्याला आपल्याबद्दल खरंच कुतूहल असावं लागतं.

हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं ते आनंदीबाई जोशींमुळे.

आनंदीबाई आपल्याला ‘पहिल्या महिला डॉक्टर’ म्हणून ठाऊक असतात. श्री. ज. जोशींची ‘आनंदी गोपाळ’ कादंबरी, नाटक, २०१९चा सिनेमा, सगळीकडे गोष्ट जिद्दीची आहे. पण त्या जिद्दीच्या आधी एक मैत्री आहे, आणि ती जवळजवळ तीन वर्षं फक्त पत्रांवर चालली. गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागणारं पत्र एका अमेरिकी मिशनऱ्याला लिहिलं होतं. ते तिकडच्या एका धार्मिक मासिकात छापून आलं. १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दंतवैद्याकडे आपला नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या. समोर पडलेलं मासिक त्यांनी चाळलं आणि ते पत्र त्यांच्या नजरेस पडलं. त्यांनी या अनोळखी मुलीला लिहायचं ठरवलं.

आनंदीबाई तेव्हा पंधरा वर्षांच्या. दहा दिवसांचं बाळ गमावलेल्या. या दोघींनी एकमेकींना काय लिहिलं? डॉक्टर होण्याच्या गोष्टी पुढे आल्याच. पण त्यासोबत सण, चालीरीती, घरातली पद्धत, बालविवाह, बायकांची दुखणी हेही लिहिलं. आनंदीबाईंची डोकेदुखी, अधूनमधून येणारा ताप, अशक्तपणा यांबद्दल कळल्यावर कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधं पाठवली. त्यांचा गुण आला नाही, पण विचार करा : बोटीनं जाणाऱ्या पत्रातून एक बाई दुसरीला ‘माझं डोकं दुखतंय’ असं सांगते आहे. उत्तर हातात पडेपर्यंत महिने गेलेले. तरी सांगते आहे. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या होत्या. ४ जून १८८३ ला आनंदीबाई न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या, तेव्हा कुठे दोघींनी एकमेकींना पहिल्यांदा पाहिलं.

आनंदीबाई मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या कॉलेजातून डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. वय २२ सुद्धा पूर्ण नव्हतं. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी इथल्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, आजही त्यांच्या नावाचा दगड आहे. १८८८ मध्ये कॅरोलाइन डॉल या अमेरिकी लेखिकेनं आनंदीबाईंचं इंग्रजी चरित्र लिहिलं, मराठीत काशीबाई कानिटकरांनी लिहिलं. पंधरा-सोळा वर्षांच्या एका मराठी मुलीचं घरातलं जगणं आपल्याला तिच्याच शब्दांत कळतं, कारण ते कुणालातरी सांगितलं गेलं आणि त्या कुणीतरी ते जपून ठेवलं.

पत्राची ही एक गंमतच आहे. आपण लिहिलेलं पत्र आपल्याकडे राहत नाही. ते ज्याला लिहिलं त्याच्याकडे राहतं.

आता रविवारबद्दल. आपण ‘वीकएंड’ म्हणतो तेव्हा तो सगळ्यांचाच असतो असं धरून चालतो. पण या देशात कामगारांना रविवारची सुट्टी मागून घ्यावी लागली. नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधक कार्यकर्त्यानं १८८४ मध्ये मुंबईतल्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि त्यांच्या चळवळीमुळे १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. मुंबईच्या गिरण्यांत ज्या प्रदेशांतून कापूस जायचा त्यांत आमचा वऱ्हाडही होता. म्हणजे कापसाचं सूत काढणाऱ्याला रविवार मिळाला. कापूस पिकवणाऱ्याला आणि वेचणाऱ्याला तो १३० पेक्षा जास्त वर्षांनंतरही मिळालेला नाही. बोंडं फुटली की फुटली, त्यांना वार कळत नाही. आमच्याकडे मजूर सुट्टी घेतो ती आठवडी बाजाराच्या दिवशी, रविवारी नाही.

हे मी तिला लिहिलं तेव्हा ती म्हणाली, ‘मग मी दर रविवारी तुला चुकीचाच प्रश्न विचारते आहे.’ मी म्हटलं, ‘नाही, विचारत जा.’

बाहेरचं जग आमच्याकडे बघतच नाही असं नाही. २० मार्च २०१४ ला आर्णी तालुक्यातल्या दाभडी गावात लोकसभा निवडणुकीच्या प्रचारातली ‘चाय पे चर्चा’ झाली. नरेंद्र मोदी आले होते, कॅमेरे आले होते, शेतकऱ्यांशी झालेलं बोलणं देशात इतर ठिकाणीही पडद्यावर दिसलं. पण तो एक दिवस होता. कॅमेरा दिवसासाठी येतो. मित्र दर रविवारी विचारतो.

आणि एका वर्षी मी त्या मैत्रिणीशी खोटं बोललो.

२०१७ चा पावसाळा संपत आलेला. त्या साली पऱ्हाटी माणसाच्या डोक्याला लागेल एवढी वाढली होती. अळीच्या धास्तीनं सगळीकडे फवारणी चालू होती. त्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन वीसेक शेतकरी आणि शेतमजुरांचा जीव गेला, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. आमच्या शेजारचे काका रोजीनं फवारायला जायचे. एका रविवारी दुपारी ते घरी आले ते भिंत चाचपत. डोळ्यांना अंधुक दिसत होतं, उलट्या थांबत नव्हत्या. आम्ही त्यांना गाडीत घालून यवतमाळला नेलं. रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलो असताना तिचा मेसेज आला : ‘आज काय केलंस?’

मी फोनमधला आदल्या आठवड्यातला चहाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, ‘नेहमीचंच.’

पुढचे दोन रविवारही असेच गेले. एकदा पावसानंतरच्या आभाळाचा फोटो. एकदा हिरव्यागार पऱ्हाटीचा, जिच्यात काका पडले होते. तिनं लिहिलं, ‘किती सुंदर!’ ते वाचून मला स्वतःचीच लाज वाटली. मी का लपवत होतो? एक तर आमच्या जिल्ह्याचं नाव आधीच आत्महत्यांमुळे पेपरात येत होतं, त्यात आणखी भर नको वाटत होती. दुसरं म्हणजे, सुट्टीच्या दिवशी कुणाला हे कशाला, असंही वाटत होतं. सुट्टीचे फोटो हसरे असावेत हे आपण सगळे न सांगता शिकलेलो असतो. मग आनंदीबाईंची डोकेदुखी आठवली. साता समुद्रापलीकडे पत्र धाडताना त्यांनी ती वगळली नव्हती.

चौथ्या रविवारी मी सगळं लिहिलं. तिनं ‘अरेरे’ म्हणून विषय संपवला नाही. रोडग्यांच्या वेळेसारखेच प्रश्न विचारले. पंप पाठीवर घेतात म्हणजे कसा? भरल्यावर वजन किती होतं? हातमोजे का नव्हते? डब्यावरची सूचना कोणत्या भाषेत असते? पीक डोक्याएवढं असेल तर फवारा कुठे उडतो? मी एकेका प्रश्नाचं उत्तर शोधत गेलो. वाऱ्याची दिशा, दिवसाची मजुरी, अंगावरचा ओला सदरा तसाच ठेवून खाल्लेली भाकर, कोणत्या तारखेला कुणाच्या वावरात काम होतं, सगळं लिहिलं. चार-पाच रविवार तेच चाललं. काका वाचले. नजर मात्र पूर्वीसारखी झाली नाही.

पुढे माझा तो फोन विहिरीत पडला. बॅकअप वगैरे मी घेतलेला नव्हता. एक वर्षाचे रविवार पाण्यात गेले.

ऑनलाइन मैत्रीचं हे दुखणं जुनंच आहे. १९९६ च्या गणेश चतुर्थीला ‘मायबोली’ सुरू झाली, तेव्हा देशोदेशीच्या मराठी माणसांना घरगुती गप्पांसाठी एक ओटा मिळाला. पण तिथल्या गप्पांची पानं वाहती. नवं आलं की जुनं पुढे वाहून जातं. २००४ मध्ये आलेलं ऑर्कुट सप्टेंबर २०१४ च्या अखेरीस बंद झालं. २०२० पासून व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आपोआप नाहीसे करण्याची सोयही आली. कागदाचं पत्र ट्रंकेत पडून राहायचं. आपले मेसेज मात्र कुणी मुद्दाम ठेवले तरच राहतात.

गेल्या वर्षी काकांची मुलगी माझ्याकडे आली. ती आता कॉलेजात आहे. २०१७ मध्ये ती लहान होती, तिला मामाकडे पाठवून दिलं होतं. म्हणाली, ‘दादा, बाबांना नेमकं काय झालं होतं? कोणती तारीख होती? घरी विचारलं तर कुणी बोलत नाही, आणि बाबांना आठवत नाही.’ घरात एकही कागद उरला नव्हता. मलाही तारखा आठवेनात. फोन तर विहिरीत.

त्या रविवारी मी न्यू जर्सीला लिहिलं. दहा मिनिटांत एक फाइल आली. तिनं आमचं सगळं संभाषण ठेवलं होतं, महिन्यांनुसार लावून. रोडगे होते, टपरी होती, खोटा चहा होता. आणि ते चार-पाच रविवार होते, तारखांसकट. मी ते छापून काकांच्या मुलीला दिलं. तिनं ओट्यावर बसून वाचलं. काका शेजारी बसले होते. मध्येच ती थांबली आणि म्हणाली, ‘बाबा, पंप सोळा लिटरचा होता?’ काका म्हणाले, ‘हो. अन् पट्टा तुटका होता, सुतळीनं बांधला होता.’ पट्ट्याचं मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत ते त्याबद्दल पहिल्यांदा बोलत होते.

मी ते सुतळीचं वाक्य त्याच संध्याकाळी न्यू जर्सीला कळवलं. फाइल तिच्याकडे आहे, भर तिथेच पडायला हवी.

तुमच्याही फोनमध्ये असं कुणीतरी लांबचं असेल, कधी न भेटलेलं, ‘काय चाललंय’ विचारणारं. पुढच्या वेळी ‘काही विशेष नाही’ लिहायच्या आधी जरा थांबा. आणि त्यांनी तुम्हाला लिहिलेलं कुठेतरी उतरवून ठेवा. त्यांचे रविवार तुमच्याकडे आहेत.