कढई कढण्यातून आली का?

आज मल्लेश्वरमहून थेट गुऱ्हाळावर जाऊ. आमच्याकडे मंड्याच्या बाजूला गुऱ्हाळाला 'आलेमने' म्हणतात आणि रस उकळायच्या मोठ्या भांड्याला 'कोप्परिगे'. कोल्हापूरकडे तीच काहील. उसाच्या रसात पाऊण हिश्श्याहून जास्त पाणी असतं. ते लवकर आटावं म्हणून भांडं खोल नाही, पसरट. चुलवाणात चिपाडं सारायची, मळी काढत राहायची. ११८ अंशांच्या आसपास गुळव्या म्हणतो, उतरवा.

काहिलीची धाकटी बहीण म्हणजे घरातली कढई. ज्यात कढवतात ती कढई, असं आपण सहज सांगतो. मला ते पटत नाही. कढणे, कढी, काढा हे सगळे संस्कृत 'क्वथ्' म्हणजे उकळणे या धातूचे. कढई मात्र 'कटाह' या शब्दाची. प्राकृतात त्याचा 'कडाह' झाला, आणि शेवटचा ह मराठीत मागे सरकून ड ला चिकटला. पुरावा हवा असेल तर हिंदीत पाहा : 'कढ़ी'त ढ आहे, 'कड़ाही'त ड. पंजाबीतही ड च. गुरुद्वारात मिळणारा कडाह प्रसाद याच भांड्याच्या नावाचा. बंगालीत 'कोडाई', इथे कन्नडमध्ये 'कडायि'. कढईला कढण्याशी बांधलं, की हे सगळे सोयरे तुटतात. म्हणून हा वाद मला नुसता शब्दांचा खेळ वाटत नाही.

मुळात कटाह हा आकार आहे, क्रिया नव्हे. कासवाची पाठ म्हणजेही कटाह. ज्योतिषग्रंथांत तर विश्वाच्या कवचाला 'ब्रह्मांडकटाह' म्हटलंय!

आता फौजी माणसाला आवडणारी गोष्ट. मलाया द्वीपकल्पावरच्या केडाहचं संस्कृत नाव कटाह, तमिळ नाव कडारम्. तमिळमध्ये कडारम् म्हणजे मोठं पातेलंसुद्धा. राजेंद्र चोळाने १०२५ च्या सुमारास समुद्रापार आरमार नेऊन ते बंदर घेतलं आणि 'कडारम् कोंडान', म्हणजे कडारम् जिंकणारा, हे बिरुद लावलं. इतक्या लांबची आरमारी मोहीम आपल्याकडे दुर्मीळच.

मराठी-कन्नड शेजारही जुना. आमच्या काडु मल्लेश्वराला व्यंकोजीराजांनी १६६९ साली गाव दान दिल्याचा शिलालेख आहे. देवळाच्या दासोहात मोठं भांडं चुलीवर चढतं, तेव्हा आचाऱ्याला मी कढई म्हणतो, तो कडायि म्हणतो; दोघांनाही कळतं.