गार्ड कुणी काढलं?

हडपसरची शेती मागे सरत गेली आणि तिथे कारखाने आले. 1958 साली स्थापन झालेली किर्लोस्कर न्यूमॅटिक ही इथली जुनी कंपनी. मोठ्या कारखान्यांच्या आसपास छोटी वर्कशॉप्स येतात. अशा ठिकाणी बोट गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘गार्ड का काढलं होतंस?’ आज आपण या प्रश्नाचा इतिहास बघू.

भारतातला पहिला कारखाना कायदा 1881 चा. यंत्राला कुंपण घाला, असं तो मालकाला सांगत होता. पण 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे साडेपाच हजार सह्यांच्या निवेदनात मागण्या होत्या: आठवड्याची सुट्टी, दुपारची विश्रांती, वेळेवर पगार, आणि काम करताना जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार. म्हणजे कामगारांच्या लेखी सुरक्षितता हा पोटाचाही प्रश्न होता.

पुढे 1923 मध्ये भरपाईचा कायदा आला. त्यात एक मेख होती बघा: कामगाराने जाणूनबुजून नियम मोडला किंवा गार्ड काढलं, तर जखमीची भरपाई नाकारता येत होती. म्हणून तो पहिला प्रश्न साधा नसतो. घरची चूल त्याच्या उत्तरावर अवलंबून असते.

आता गार्ड निघतं का? प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणून. पण नगावर मजुरी असेल, तर एक बटण दाबून बांधून ठेवलं जातं. नग वाढतात, सुपरवायझर बघून न बघितल्यासारखं करतो. जुना कारागीर तसं करतो, नवा पोरगा तेच शिकतो. कंत्राटी कामगार बोलत नाही, उद्या गेटवर अडवतील म्हणून. भिंतीवरची पाटी इथे काय करणार?

1948 च्या कायद्याने चालू यंत्राजवळ काम करणाऱ्याला अंगाबरोबरचे कपडे मालकानेच द्यायचे, असं सांगितलं. भोपाळनंतर, 1987 च्या दुरुस्तीने धोकादायक कारखान्यांत सुरक्षा समिती आली, तीत कामगार आणि व्यवस्थापन यांचे प्रतिनिधी समान संख्येने. ही मोठी पायरी होती. नियम ठरवताना कामगाराला विचारलं, तर तो नियम त्याचाही होतो.

आम्हाला वाटतं, इतिहासातून एवढं तरी घ्यावं: नियम पाळल्याने मजुरी कापली जात नसेल आणि ‘मशीन थांबवा’ म्हणणाऱ्याची नोकरी टिकत असेल, तर नियम पाळले जातात. तेव्हा ‘गार्ड का काढलंस?’ याच्या आधी विचारू या, ‘गार्ड लावून दिवसाचे नग पुरे होत होते का?’