हरिहरेश्वर : पेशव्यांचे कुलदैवत, सिद्दीचा मुलूख

सावित्री नदी समुद्रास मिळते तेथे, डोंगराच्या कुशीत हरिहरेश्वर वसले आहे. नारळी-पोफळीच्या वाड्या, कौलारू घरे, आणि उत्सवाचे दिवस सोडले तर लाटांखेरीज फारसा आवाज नाही. या क्षेत्रास दक्षिण काशी म्हणतात. पितरांच्या कार्यासाठी दुरून लोक येतात. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर आणि पुन्हा काळभैरव, असा दर्शनाचा रिवाज आहे.

हे पेशव्यांचे कुलदैवत, एवढे आपणा सर्वजणींना ठाऊक असते. पण ते कोणाच्या राज्यात होते, हा विचार माझ्या तरी मनात तेथे जाईपर्यंत आला नव्हता. भट घराण्याकडे श्रीवर्धनची देशमुखी होती आणि श्रीवर्धनवर अंमल होता जंजिऱ्याच्या सिद्दीचा. त्याच्या जाचाने बाळाजी विश्वनाथ घाटावर आले. १७१३ साली शाहू महाराजांनी त्यांना पेशवेपद दिले. घर सुटले, वाडी सुटली. देव मात्र तेथेच राहिला. स्वयंभू देव तो, देव्हाऱ्यात घालून थोडाच नेता येतो!

बाजीरावांनी १७२३ च्या सुमारास देवालयाचा जीर्णोद्धार केला, असे सांगतात. पुढे १७२७ साली सिद्दी सात याने परशुरामाचे देवालय लुटले, तेव्हा सारे कोकण हळहळले. १७३३ त बाजीरावांनी जंजिऱ्यावर मोहीम काढली, रायगड परत मिळाला. १७३६ त चिमाजीअप्पांच्या फौजेशी लढताना सिद्दी सात मारला गेला. पण जंजिरा किल्ला काही हाती आला नाही. श्रीवर्धन अखेर सिद्दीच्याच संस्थानात राहिले. १८१८ त पेशवाई बुडाली. संस्थान मात्र १९४८ त विलीन होईपर्यंत, म्हणजे आणखी १३० वर्षे टिकले.

मला राहून राहून आठवल्या त्या बाळाजींच्या पत्नी राधाबाई. श्रीवर्धनच्या भटांची ही सून. १७३५ साली त्या काशीयात्रेस निघाल्या, तेव्हा राजपूत राजांनी वाटेत त्यांचा मोठा सन्मान केला. गंगेवर संकल्प सोडताना या माउलीला सासरची ही दक्षिण काशी आठवली नसेल का? इतिहासकार मोहिमांचे हिशेब देतात, हे कोण सांगणार?

देवळामागे डोंगराच्या खिंडीतून पायऱ्या थेट समुद्रात उतरतात. तोच प्रदक्षिणेचा मार्ग. लाटांनी खडकाला मधाच्या पोळ्यासारखी भोके पाडली आहेत आणि वाटेत खडकांतच एकेक तीर्थ लागते. ही प्रदक्षिणा ओहोटीलाच करावयाची. लाटेने माणसे ओढून नेल्याच्या दुर्घटना येथे घडल्या आहेत; म्हणून भरतीची वेळ आधी गावकऱ्यांना विचारावी, मुलांचा हात सोडू नये. आम्ही पोहोचलो तेव्हा पाणी चढत होते. पायऱ्यांवरूनच हात जोडले आणि दुसऱ्या दिवशी ओहोटी लागताच पुन्हा उतरलो.