खारघर, दुपारी १२.३८

फेब्रुवारी २०२३. राज्य सरकारने २०२२ चा महाराष्ट्रभूषण पुरस्कार रेवदंड्याचे निरूपणकार आप्पासाहेब धर्माधिकारी यांना जाहीर केला. सोहळ्याचा दिवस ठरला १६ एप्रिल, रविवार. जागा ठरली नवी मुंबईत, खारघरचे कॉर्पोरेट पार्क मैदान. वेळ दुपारची.

१ एप्रिल. हवामान विभागाने एप्रिल ते जूनचा अंदाज सांगितला. ज्या राज्यांत उष्णतेच्या लाटेचे दिवस नेहमीपेक्षा जास्त असण्याची शक्यता होती, त्या यादीत महाराष्ट्र होता. सोहळ्याला १५ दिवस उरले होते. वेळ बदलायला एक बैठक पुरली असती.

१५ एप्रिल, शनिवार. धर्माधिकारींच्या अनुयायांना श्रीसदस्य म्हणतात; लांबून येणारे काही श्रीसदस्य आदल्या दिवशीच मैदानाकडे निघाले. दासबोधाचे निरूपण ऐकायला जमणारी ही माणसे. एका जागी शांत बसून ऐकायचे, मध्येच उठायचे नाही, ही त्यांची वर्षानुवर्षांची सवय. ही शिस्त दुसऱ्या दिवशी त्यांच्या विरुद्ध जाईल, असे कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते.

१६ एप्रिल, सकाळी ६.२०. साधारण या वेळेला खारघरला सूर्य उगवला. मैदानात येणारी रांग सुरूच होती. प्रेक्षकांना सोहळा दिसावा, ऐकू यावा म्हणून पडदे आणि ध्वनिक्षेपक होते. प्रेक्षकांच्या डोक्यावर छत नव्हते.

९.००. सूर्य अजून तिरपा. पाच फूट उंचीची बाई उभी राहिली तर तिची सावली साडेसहा फुटांहून लांब पडते. म्हणजे अजून एकाच्या सावलीत दुसऱ्याला बसता येते.

१०.३०. तीच सावली ३ फुटांवर आली. जमलेली माणसे लाखांत होती. दाटीत वारा आत शिरत नाही. शेजारच्या अंगाची उष्णताही आपल्याच अंगावर येते. पाणी प्यायला जायचे तर जागा सोडायची, आणि पुन्हा तिथे पोहोचता येईल याची खात्री नाही. म्हणून माणूस थोडा वेळ थांबतो. मग आणखी थोडा.

त्या सकाळी मी नागपूरला, जरीपटक्यात होतो. घरी माझा मित्र आला होता. तो एका रॉक बँडमध्ये ड्रम वाजवतो. आम्ही कूलरसमोर बसून टीव्हीवर खारघर पाहत होतो. उन्हाळ्यात आमच्याकडे अकरा वाजले की बाजारातली वर्दळ ओसरते, बाहेर पडणारा डोक्याला दुपट्टा बांधूनच निघतो आणि मैदानातला गाण्याचा कार्यक्रम दिवे लागल्याशिवाय सुरू होत नाही. मित्राने पडद्याकडे बोट केले. ‘अरे, हे दुपारी काहून ठेवलं?’ मग म्हणाला, उन्हात गिटारच्या तारा सुरातून उतरतात, यंत्रे तापून बंद पडतात, म्हणून स्टेजला आधी छप्पर घालतात. समोरच्या माणसांसाठी घालायचे ठरले तर खर्च मोठा येतो. ते त्याने तक्रारीच्या सुरात सांगितले नाही, कामातली माहिती सांगावी तसे सांगितले. ते मला अजून आठवते.

११.३०. सोहळा सुरू झाला. व्यासपीठावर केंद्रीय गृहमंत्री अमित शाह, मुख्यमंत्री एकनाथ शिंदे, उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस. व्यासपीठाला छत होते. समोर पाच फुटांच्या बाईची सावली आता २० इंच.

जो आठला येऊन बसला होता, त्याला उन्हात साडेतीन तास झाले होते. शरीराकडे अशा वेळी एकच मोठा उपाय असतो, घाम. पण घाम नुसता गळून उपयोग नाही, तो वाळला पाहिजे. वाळतानाच तो उष्णता घेऊन जातो. नागपूरच्या कोरड्या उन्हात तो लवकर वाळतो. खाडीकाठच्या दमट हवेत तो अंगावरच राहतो. म्हणूनच हवामान विभाग मैदानी प्रदेशात ४० अंशांशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचार करत नाही आणि किनाऱ्यावर मात्र ३७ अंशांपासून करतो. विदर्भातल्या माणसाला ३८ हा आकडा एप्रिलमध्ये सुसह्य वाटतो. किनाऱ्यावर तो तसा नसतो.

त्या दिवशी जवळच्या हवामान केंद्रात कमाल तापमान ३८ अंश नोंदले गेले. हवामान केंद्रातला तापमापक सावलीत, पांढऱ्या झडपांच्या पेटीत ठेवलेला असतो.

१२.००. भाषणे. पुढे एप्रिल संपण्याआधी हीच वेळ एका सरकारी निर्णयात येणार होती.

१२.३८. घड्याळात बारा वाजले तरी खारघरला सूर्य माथ्यावर येतो तो आता. क्षितिजापासून ८१ अंश. उभ्या बाईची सावली साडेनऊ इंच. बसलेलीची तिच्या स्वतःच्या मांडीत मावेल एवढी. कोणाच्याही सावलीत आता कोणाला जागा नव्हती.

शरीराचे आतले तापमान ४० अंशांच्या पुढे गेले की तो उष्माघात. आधी डोके दुखते, मळमळते. मग माणूस असंबद्ध बोलू लागतो आणि आपल्याला काय होते आहे हे त्याला स्वतःला सांगता येत नाही. शेजाऱ्याने ओळखावे लागते. शेजारीही तितकाच वेळ उन्हात असतो.

१.००. सोहळा संपला. लाखो माणसे एकाच वेळी उठली आणि वाहनांकडे चालू लागली. तासन्‌तास बसून, पाणी कमी पडलेल्या शरीराने एकदम उठून चालणे, हा त्या दिवसाचा सगळ्यात कठीण भाग असणार. ऊन उतरले नव्हते.

दुपार. चक्कर, मळमळ, छातीत दुखणे. शंभराहून जास्त जणांना त्रास झाला. अनेकांना आसपासच्या रुग्णालयांत हलवले गेले.

रात्र. मुख्यमंत्री कामोठ्याच्या एमजीएम रुग्णालयात गेले. ११ मृत्यू जाहीर झाले. प्रत्येक मृताच्या कुटुंबाला ५ लाख रुपये जाहीर झाले. जरीपटक्यात आम्ही ते टीव्हीच्या खालच्या पट्टीवर वाचले. मित्राने आवाज बंद केला, आणि बराच वेळ टीव्ही तसाच चालू राहिला.

पुढच्या दिवसांत आकडा १४ झाला. मृतांपैकी बहुतेकांच्या पोटात कित्येक तास अन्न नव्हते, असे शवविच्छेदनाच्या हवाल्याने बातम्यांत आले. अपर मुख्य सचिव नितीन करीर यांची एकसदस्यीय समिती नेमली गेली.

त्याच आठवड्यात सरकारने निर्णय जाहीर केला: ऊन कमी होईपर्यंत राज्यात दुपारी १२ ते ५ या वेळेत उघड्यावर कार्यक्रम घ्यायचे नाहीत.

१६ एप्रिलला हा नियम लागू असता, तर सोहळ्याचा शेवटचा एक तास त्यात आला असता. आठला येऊन बसलेल्याचे आधीचे चार तास त्यात बसत नव्हते.