बर्न्स सपर

बर्न्स सपर : स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्स (१७५९–१७९६) याच्या २५ जानेवारी या जन्मदिनी बर्न्स क्लबांत होणारे वार्षिक जेवण. पहिली पंगत मात्र जुलै १८०१मध्ये, त्याच्या पाचव्या स्मृतिदिनानिमित्त, अ‍ॅलोवे येथील जन्मघरी बसली. जेवायला नऊ जण होते. मुख्य पदार्थ हॅगिस : मेंढीची कलेजी, हृदय व फुप्फुसे बारीक करून त्यांत ओटचा रवा, कांदा, चरबी, मिरपूड घालतात आणि हे सारण मेंढीच्याच जठराच्या पिशवीत भरून शिजवतात. बॅगपाइपच्या सुरांत ताट येते, मंडळी उठून उभी राहतात. हॅगिसवरची बर्न्सचीच कविता म्हणता म्हणता ठरावीक ओळीला यजमान त्यात सुरी खुपसतो आणि वाफ उसळते. जेवणाच्या पंगतीत आपल्याच ओळी लोकांच्या तोंडी असाव्यात, हे भाग्य फार थोड्या कवींना लाभले.