प्रकाशे

प्रकाशे : नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यात तापी-गोमाई संगमावरचे गाव व ताम्रपाषाणयुगीन स्थळ. ‘दक्षिण काशी’ म्हणून भाविकांना ते ठाऊक असते. तिथल्या पांढरीच्या टेकाडाची महती मात्र अभ्यासकांपुरतीच राहिली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी 1955 मध्ये तिथे उत्खनन केले, तेव्हा सुमारे 17 मीटर जाडीचे वस्तीचे थर उघडे पडले. तळाशी इ.स.पू. सुमारे 1700 ते 1300 या काळातील माळवा व जोर्वे पद्धतीची रंगीत भांडी आणि दगडाची लहान पाती; त्यावर, काही शतकांच्या खंडानंतर, लोखंड वापरणाऱ्यांची वस्ती; आणि वर थेट मध्ययुगाच्या आरंभापर्यंतचे अवशेष.

प्राचीन संस्कृती म्हटले की गिझाचे पिरॅमिड डोळ्यांपुढे येतात, आणि त्या मापाने मोजले तर खानदेशाच्या पदरी काहीच पडत नाही. त्यांपैकी खुफू राजाचा पिरॅमिड इ.स.पू. 2560 च्या सुमारास पुरा झाला. मूळ उंची सुमारे 146 मीटर, दगड अंदाजे 23 लाख. प्रकाशे येथे पहिली चूल पेटली तेव्हा त्याला आठशेहून अधिक वर्षे लोटली होती. पण हे मापच अपुरे आहे. पिरॅमिड कोणी आणि कसे बांधले, हे खुद्द पिरॅमिडांनी फारसे सांगितलेले नाही. ते कळले शेजारच्या कामकरी वस्तीतील भट्ट्या, पावाचे साचे व जनावरांची हाडे यांवरून. आणि तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फ येथे 2013 मध्ये सापडलेल्या, मेरेर नावाच्या मुकादमाच्या रोजनिशीवरून. तुरा येथील चुनखडीचे दगड होड्यांतून गिझाला नेल्याच्या नोंदी तीत आहेत. राजाच्या थडग्याचा उलगडाही अखेर खरकट्यातून आणि हिशेबाच्या कागदांतूनच झाला. प्रकाशे येथे तर बहुतेक पुरावा याच जातीचा आहे.

टेकाड कोणी बांधत नाही, ते साचते. पिरॅमिडमागे हजारो मजुरांना पोसणारे राज्य होते, ते इथे कुठे, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. राजाची थडगी बांधण्याऐवजी महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन शेतकरी आपले मृत घराच्या जमिनीखालीच पुरत. पुणे जिल्ह्यातील इनामगावला लहान मुलांचे सांगाडे तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या दोन कुंभांत मिळाले. मात्र राज्य नव्हते म्हणून व्यवस्थाही नव्हती, असे ठरत नाही. चाकावर घडवलेली, लाल पृष्ठावर काळी नक्षी काढलेली जोर्वे भांडी प्रवरेपासून तापीपर्यंत एकाच घाटणीची आहेत, आणि नियमित देवाणघेवाणीशिवाय हे घडत नाही. थरांमधल्या खंडावर बोट ठेवून इथल्या वस्तीच्या सातत्याचा दावा कोणी खोडू पाहील, तर सातत्य पिरॅमिडांनाही लाभले नाही, खुफूच्या पिरॅमिडची उंची पुढच्या कोणत्याच फेरोला गाठता आली नाही, हेही ध्यानात घ्यावे. प्रकाशे येथे लोक परतले आणि गाव आजही नांदते आहे. थापर यांचा सविस्तर अहवाल सर्वेक्षणाच्या ‘एन्शंट इंडिया’ या नियतकालिकाच्या 20-21 या जोडअंकात प्रसिद्ध झाला.